पाहुणा नसलेला दिवस

१

इमो, म्हणजे माझी मावशी, कॅलेंडर बघितल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. ठोकत नाही आणि काढतही नाही. बँकेने फुकट वाटलेलं ते कॅलेंडर तिच्या स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरच्या वर टांगलेलं असतं. मोठ्या तारखांखाली चांद्रमासाच्या तिथ्या मुंगीएवढ्या आकड्यांत. चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला टेकवून ती वाचते.

"आज नको," ती म्हणाली. "आज पाहुणा दक्षिणेला आहे. नवमीला ये. नवमीला तो कुठेच नसतो."

"टेम्पो खाली उभा आहे, इमो. त्याला काय सांगू? पाहुण्याची सोय बघून ये?"

"सांग की. कोरियन असेल तर समजेल त्याला."

आमच्या भाषेत 'सोन' म्हणजे हात, आणि 'सोन' म्हणजे पाहुणाही. हा पाहुणा महिनाभर दिशा बदलत फिरत असतो म्हणे. तो असेल त्या बाजूला सामान हलवायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. अख्खा देश 'पाहुणा नसलेला दिवस' शोधून घर बदलतो, आणि त्या दिवशी टेम्पो मिळत नाही. तीस मजली इमारती बांधणारी माणसं हे मानतात. मला संताप येतो. मी कलेचा इतिहास शिकले आहे, देगू शहरातल्या एका गॅलरीत काम करते, आणि माझ्या पहिल्या प्रदर्शनाची तारीख मी मुंगीएवढ्या आकड्यांवर सोडणार नव्हते.

मला हवं होतं ते तिच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर होतं. पांढरं, चौकोनी उठावशिल्प. कवेत मावेल एवढ्या फळीवर लाकडाचे लहान चौकोनी ठोकळे ओळीने बसवलेले. काही उंच, काही बुटके, काहींचे माथे तिरके कापलेले. सगळ्यावर पातळ कागद आणि त्यावर पांढरा रंग. चित्र नाही, आकृती नाही, नाव नाही. इमोच्या नवऱ्याने, दोसकने, १९७४ साली ते केलं. तो तांत्रिक शाळेत पोरांना रेखाटन शिकवायचा, रविवारी हे करायचा, आणि त्याला कोणी विचारलं नाही. मी शाळेत जायच्या आधीच तो गेला. आई गेल्यावर मी या खोलीत, या पांढऱ्या चौकोनांसमोर वाढले. ते भिंतीवर फार खाली लावलेलं होतं, जमिनीवर बसणाऱ्याच्या नजरेला येईल असं.

"त्याचं नाव लोकांना कळायला नको?" मी म्हणाले. "इथे कोण बघतं त्याला? तू आणि तुझे पर्सिमॉन."

दक्षिणेच्या खिडकीत तिने सोललेल्या पर्सिमॉनच्या, गोल केशरी फळांच्या, माळा वाळायला टांगल्या होत्या. दर शरदात टांगते.

"मी बघते ना," इमो म्हणाली. मग हळूच, "घेऊन जा. पण नवमीला."

मी शिल्प उतरवलं. आणि ती बघत असताना, मुद्दाम, पकडीने खिळाही उपटला. भिंतीतून थोडी भुकटी सांडली.

"येऊ दे की पाहुण्याला," मी भोकाकडे बघून म्हणाले. "म्हणावं, बोराने बोलावलंय. माझ्या जागेवर बस. चहा घे."

इमो हसली नाही. तिने फक्त माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवलं. "ती पेन्सिल काढ डोक्यातली. वाकलीस की एखाद्याचा डोळा फोडशील." हे ती मी चौदा वर्षांची असल्यापासून म्हणते. मग कोबीच्या लोणच्याचा विषय काढत म्हणाली, "हिवाळ्याची किमची घालायची आहे. कोबी सांगून ठेवलेत. यंदा हात कमी पडतात गं. येशील?"

"बघते," मी म्हणाले, आणि जिना उतरले.

२

आमची गॅलरी तळघरात आहे. खिडकी नाही. मी सकाळी येते, शटर उचलते, दिवे लावते, पाण्याची किटली चालू करते, आणि कॉफी हातात घेऊन एकेका चित्रासमोरून फिरते. माझ्या दिवसातला हाच तास मला आवडतो, कारण मालक अजून आलेले नसतात.

मालक म्हणजे नामगुंग सर. वय सत्तर, गळ्यात रेशमी रुमाल, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'आमच्या काळी'.

दोसकचं शिल्प मी मधल्या भिंतीवर लावलं होतं. शेजारी लेबल: शीर्षक नाही, १९७४, लाकूड, कागद, रंग. विक्रीसाठी. मी यादीसाठी त्याचा फोटो काढला आणि सरांना दाखवला.

"दिवा उजवीकडून का मारलास?" ते म्हणाले. "आमच्या काळी उठावाला वरून उजेड द्यायचे. सगळ्या सावल्या डावीकडे वाहतायत बघ."

"दिवा वरच आहे, सर."

"मग सावल्या डावीकडे कशा?"

मी भिंतीकडे बघितलं. दिवा छताला, शिल्पाच्या बरोबर वर. लेबलची सावली खाली पडलेली. शेजारच्या फ्रेमची सावली खाली. आणि पांढऱ्या ठोकळ्यांच्या सावल्या मात्र लांब, तिरक्या, डावीकडे. शेतात सकाळी झाडांच्या पडतात तशा.

"रंगवल्या असतील," मी म्हणाले. "राखाडी रंगाची झिलई. डोळ्याला फसवायला. त्या काळात करायचे असं."

"मला सांगतेस त्या काळात काय करायचे ते," सर म्हणाले आणि चहा करायला गेले.

मी कापसाचा बोळा ओला करून एका सावलीवरून हळूच फिरवला. बोळा कोरा निघाला. सावली बोळ्यावरून, माझ्या नखावरून गेली आणि पुन्हा लाकडावर स्थिर झाली. जणू मी नदीत बोट घातलं होतं.

३

दुपारनंतर सावल्या उजवीकडे गेल्या होत्या.

मी दिवे बंद केले. तळघरात काळोख झाला, आणि काळोखात शिल्प दिसेनासं झालं. म्हणजे ते स्वतः उजळत नव्हतं. मला बरं वाटलं. मोबाइलचा दिवा खालून मारला. ठोकळे दिसले, सावल्या उजवीकडेच. डावीकडून मारला. उजवीकडेच. उजवीकडून मारला, तरी उजवीकडेच. मी मारत होते तो उजेड फक्त दिसण्यापुरता होता. सावल्या दुसऱ्या कुठल्या तरी उजेडाच्या होत्या.

लाकूड ओलसर असेल, फुगलं असेल, कागद सुटला असेल. कॉफी जास्त झाली असेल. मी ही सगळी कारणं खरोखर मोठ्याने म्हटली, एखाद्यावर तरी विश्वास बसावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळ्यांच्या वरच्या ओळीवर गोल सावल्या होत्या. गोल. संपूर्ण शिल्पात एकही वाकडी रेघ नाही, आणि त्यावर मण्यांच्या माळांसारखे गोल डाग अगदी सावकाश झुलत होते. मी कॉफी खाली ठेवली. किती तरी वेळ मी नुसती बघत राहिले. मला लहानपणासारखी झोप यायला लागली, जमीन पाठीखाली ऊबदार असल्यासारखी.

मग मला कळलं. मी फोन लावला.

"इमो, पर्सिमॉनच्या माळा हलतायत का?"

"खिडकी उघडली आहे, हलणारच. तुला कसं कळलं?"

"बंद कर बरं खिडकी."

"सकाळी सकाळी काय नाटक," ती म्हणाली, पण मला तिच्या सपाता ऐकू आल्या. शिल्पावर उजवीकडून एक बुटकी सावली आली, कंबरेत किंचित वाकलेली, ठोकळ्यांवर चढत-उतरत, पायऱ्या चढल्यासारखी. ती थांबली. गोल डाग हळूहळू स्थिर झाले.

"केली बंद," इमो माझ्या कानात म्हणाली. "जेवलीस का?"

४

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? चाळीसहून जास्त वर्षं एका खोलीत टांगलेल्या वस्तूला त्या खोलीची सवय लागली होती. शास्त्र नसेल यात, पण भीतीही नव्हती. उलट मला ते आवडायला लागलं. मी टेबल हलवून शिल्पासमोर आणलं. इमो उठली की मला कळायचं. ढग आला की सावल्या दुधात बुडाल्यासारख्या व्हायच्या. ती केर काढायची, चादर झटकायची, दुपारी खिडकीजवळ मान टाकून पेंगायची. मी तिला फोन केला नाही. गरजच वाटली नाही. बघत तर होते.

अशाच एका दुपारी ती पेंगत असताना दुसरी सावली दिसली.

इमोची सावली खाली, कडेला, गोळा होऊन बसलेली. आणि मधोमध एक उभी. दार उघडून कोणी आत आलं, चाललं, थांबलं, असं काहीच झालं नाही. मी खाली बघितलं, वर बघितलं, आणि ती होती. तिला कडा नीट नव्हत्या. ज्या भिंतीवर खिळ्याचं भोक होतं त्या भिंतीकडे तोंड करून, खिडकीकडे पाठ करून कोणी उभं राहावं तशी. म्हणजे खोलीच्या दक्षिण बाजूला.

"इमो, कोण आलंय?"

"हं?" तिचा आवाज झोपेतला. "कोण येणार? तू येतेस का?" मग टोमणा: "माझ्याकडे यायला लोकांना टेम्पो लागतो."

"खोलीत बघ. खिडकीपाशी."

बुटकी सावली उठली. उभ्या सावलीच्या आरपार गेली. परत आली.

"ऊन आहे," इमो म्हणाली. "छान ऊन आहे आज."

पाहुण्याचा मुक्काम एका दिशेला दोनच दिवस असतो, एवढं मलाही पाठ आहे. हिशेबाने तो दक्षिणेकडून केव्हाच निघून जायला हवा होता. पण तो हिशेब न बोलावलेल्या पाहुण्याचा.

मी स्वतःवरच चिडले. हा विचार करणारी मी कोण?

५

शिल्प विकलं गेलं. सुसंग भागातल्या नव्या इमारतीत राहणाऱ्या एका दंतवैद्य बाईंनी घेतलं. लेबलवर लाल टिकली चिकटवताना नामगुंग सरांचा रुमालसुद्धा खुशीत होता.

"बाई म्हणाल्या, याच्याकडे बघून मन शांत होतं," ते म्हणाले. "दक्षिणमुखी घर आहे त्यांचं. उद्या दुपारी माणूस येईल न्यायला."

"सर, मला ते परत हवंय."

"काय?"

"विकायचं नाही. इमोकडे परत न्यायचंय."

त्यांनी चष्मा काढला. "पोरी, लाल टिकली लागली की लागली. कोण हा दोसक, कोणाला माहीत नाही, त्याला भिंत द्या, असं तूच माझं डोकं खाल्लंस ना? दिली भिंत. गेला विकला. आता रडायचं?"

मी रडत नव्हते. मी त्यांच्या खांद्यावरून शिल्पाकडे बघत होते. उद्या ते दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर असेल, आणि त्या खोलीत काय चाललंय हे मला कळणार नाही. कारण आता उभी सावली बसली होती. इमोच्या शेजारी, गुडघे दुमडून. दोघींच्या मध्ये काहीतरी मोठं, गोल होतं, टब असावा. दोन्ही सावल्यांचे हात टबात जात होते, येत होते. एका लयीत. आणि कडा आता नीट होत्या. डोक्यावर अंबाडा होता. अंबाड्यातून एक बारीक, सरळ रेघ तिरकी बाहेर आली होती.

मी स्वतःच्या डोक्याला हात लावला. पेन्सिल जागेवर होती.

संध्याकाळी सर गेल्यावर मी फोन केला.

"इमो, किमचीला येते मी. उद्या येते. आत्ता येऊ?"

"परत?" ती हसली. किती दिवसांनी तिला असं हसताना ऐकलं. "आज दिवसभर होतीस, कोबीला मीठ लावलंस. दमली असशील. बोरा, खरं सांगू? आज फार बरं वाटलं गं. किती शांत होतीस. एकदाही उलट बोलली नाहीस."

मी भिंतीला टेकले.

"इमो, मी आज इथे होते. गॅलरीत."

"बरं बरं," ती म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं.

विसरायला लागली आहे, मी स्वतःला सांगितलं. या वयात होतं. डॉक्टरला दाखवायला हवं. हे कारण इतकं चांगलं होतं, इतकं समंजस, की मी त्याला घट्ट धरून रात्र काढली. फक्त एका गोष्टीवर ते बसत नव्हतं. इमोच्या हाताखाली मीठ लावायला बसलेली सावली इमोची आठवण नव्हती. ती मी बघितली होती.

६

सकाळी शटर उचललं तेव्हा सावल्या डावीकडे, लांब. पर्सिमॉनच्या माळा अर्ध्या झाल्या होत्या; फळं वाळून बारीक झाली होती. दोघी कामाला लागल्या होत्या. तिखट, मुळा, लसूण यांचा वास मला तळघरात येतोय असं वाटलं. कदाचित माझ्याच बोटांना येत होता. मी बोटं नाकाशी नेली आणि घाईने खाली घेतली.

फोन बराच वेळ वाजला.

"हात तिखटात आहेत," इमो म्हणाली. "पटकन बोल."

"इमो, नीट ऐक. बाहेर पड. चप्पल घाल आणि खालच्या दुकानात जाऊन बस. मी टॅक्सीने येते."

"कोण बोलतंय?"

"मी! बोरा!"

मागे कोणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत, पण चाल ओळखीची होती. आपला आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की वाटतं ना, हा आपला नाही, इतका पातळ नाही आपला.

"थांबा हं," इमो मला म्हणाली. अहोजाहो करून. "बोरा हाक मारतेय."

फोन बंद झाला.

मी शिल्प भिंतीवरून काढलं. लाल टिकलीचं लेबल जमिनीवर पडलं. जिन्यात नामगुंग सर भेटले. ते ओरडत होते; मी शिल्प तिरकं धरून त्यांच्या शेजारून वर गेले.

७

टॅक्सीत मी ते मांडीवर धरून बसले. बाहेर ढगाळ होतं. शिल्पावर ऊन होतं. गिंकोची पिवळी पानं काचेला चिकटत होती. चालकाने आरशात दोनदा बघितलं, दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ, आणि मग आरसा वळवला.

इमोच्या मजल्यावर कॉरिडॉर नेहमीसारखा होता. शेजाऱ्यांच्या सायकली, किमचीची रिकामी मडकी, कोबीची बाहेरची पानं वर्तमानपत्रावर. मी दाराच्या कुलपावर माझी जन्मतारीख दाबली. शाळेपासून हाच आकडा आहे. कुलपाने तीन कोरडे सूर काढले. मी पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

मी बेल वाजवली.

आत बेल वाजलेली ऐकू आली. मी शिल्प दाराशेजारच्या भिंतीला टेकवलं, गुडघ्यावर बसले आणि बघितलं. दोन डोकी टबावर वाकलेली. बेलबरोबर दोन्ही वर झाली. बुटकी सावली हलायला लागली, आणि दुसरीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. इतक्या मायेने. मी असं कधी केलं नव्हतं. मग ती उठली. पेन्सिल, अंबाडा, मान, खांदे, एकेका ठोकळ्यावरून वर सरकत गेले, आणि शिल्पाच्या कडेबाहेर गेले.

दाराच्या पलीकडे सपाता थांबल्या. बेलच्या वरचा छोटा कॅमेरा निळा झाला. कोणीतरी मला बघत होतं.

"इमो!" मी ओरडले. "इमो, मी आहे!"

"कोण आहे गं, बोरा?" आतून, लांबून, इमोने विचारलं.

"कोणी नाही, इमो," माझा आवाज म्हणाला. शांत, गोड, मी आयुष्यात कधी बोलले नाही तसा. "पाहुणा आहे."

"पाहुणा कसा असेल? आज नवमी ना?"

आत कॅलेंडरचा कागद हललेला मला ऐकू आला.

"हो की," तो आवाज म्हणाला. "म्हणजे कोणी नाहीच."

निळा दिवा विझला. मी दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, दारावर थापा मारल्या.

आवाज झाला नाही.